चाळिशीनंतर विंडमिल पिचिंग शिकता येईल का? शाळेच्या मुलींना शिकवायचं आहे

पीटी_मॅडम_अमरावती

नमस्कार मंडळी. अमरावती जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी क्रीडाशिक्षिका आहे. वय ४२. माझा स्वतःचा खेळ खो-खो, त्यामुळे पळणं, वळणं, सूर मारणं हे अंगात आहे. सॉफ्टबॉल मी मैदानात उतरून कधी खेळले नाही. पण शाळेत १४ वर्षांखालील मुलींचा संघ उभा राहिला आणि मुलींना खेळ मनापासून आवडला. फिल्डिंग आणि बेस रनिंग मी चांगलं करून घेते. बॅटिंगही बरी होते. अडतं ते पिचिंगपाशी, म्हणजे बॅटरला चेंडू टाकण्यापाशी.

आमची पिचर हात मागे नेऊन तसाच पुढे आणते आणि चेंडू सोडते. तालुक्याला तेवढ्यावर भागलं. जिल्ह्याला समोरची मुलगी पूर्ण हात गोल फिरवून, म्हणजे विंडमिल पद्धतीने, टाकत होती आणि आमच्या मुलींची बॅट फिरेपर्यंत चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसलेला. त्यांचा काही दोष नाही. तसा चेंडू त्यांना सरावात कोणी टाकलेलाच नाही. म्हणून मलाच शिकायचं आहे. एक तर मुलींना करून दाखवता यावं, आणि दुसरं म्हणजे रोजच्या बॅटिंग सरावाला त्यांना खराखुरा विंडमिलचा चेंडू मिळावा.

सकाळी मुली यायच्या आधी शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर टाकून बघते. वर्तुळ जमतं, पण चेंडू एक तर भिंतीवरून पलीकडे जातो, नाहीतर माझ्या पायापुढे आपटतो. मधलं काही नाही. त्यातून सांगणारेही दोन तऱ्हेचे. काही म्हणतात मनगट झटका आणि चेंडू सुटल्यावर कोपर वर न्या. काही म्हणतात हात खुब्याला घासून गेला पाहिजे आणि कोपराचा विचारच करू नका. मुलींच्या हाताला एकदा वळण लागलं की ते मोडणं अवघड, म्हणून आधी मला नक्की कळायला हवं. आणि सरावानंतर उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखतो, तो का?

जळगावची_पिचर

मॅडम, नक्की येईल. मी शाळा-कॉलेजात पिचिंग केलं, आता सुट्ट्यांमध्ये मुलींना शिकवते. तुम्हाला वेग लागणार नाहीये, रोज एकसारखा चेंडू टाकता आला की तुमचं काम झालं. तेवढं या वयात शिकता येतं. खो-खोमुळे तुमच्या पायात ताकद आहे आणि पिचिंग निम्मं पायांवरच चालतं.

तुमच्या दोन्ही चेंडूंचं कारण एकच आहे, सुटण्याची वेळ. हात खालून वर चढायला लागल्यावर सोडला तर चेंडू डोक्यावरून जातो, खुब्यापाशी यायच्या आधीच सोडला तर पायापुढे पडतो. म्हणून वर्तुळ काही दिवस विसरा आणि शेवटाकडून सुरुवात करा. भिंतीपासून दोन-तीन मीटरवर, डावा खांदा भिंतीकडे करून आडव्या उभ्या राहा. हात मागे, साधारण कमरेच्या उंचीवर, तळहात बाहेरच्या बाजूला. तिथून हात सैल खाली येऊ द्या. कोपराच्या खालचा आतला भाग खुब्याला घासला की हात तिथे क्षणभर अडतो आणि पुढचा पंजा आपोआप आत वळून चेंडू फेकला जातो. तळ्यात चपटा दगड भिरकावून टप्पे काढताना हाताला जे जाणवतं ना, तेच इथे जाणवायला हवं. ते जाणवेपर्यंत पाऊलही टाकू नका. मग अर्धं वर्तुळ, मग पूर्ण, आणि सगळ्यात शेवटी पुढचं पाऊल.

मनगट झटकण्याचा व्यायाम माझ्याकडूनही वर्षानुवर्षं करून घेतला होता. मी तो मुलींना अजिबात देत नाही. जोराच्या चेंडूत मनगट तसं वळतच नाही, मग तासन्तास चुकीची सवय कशाला लावायची? आणि नियम बघा: चेंडू सुटताना हात खुब्याच्या खाली हवा आणि मनगट कोपरापेक्षा अंगापासून लांब जाता कामा नये. म्हणजे हात अंगालगत ठेवणं नियमालाच हवं आहे.

घासतोय की नाही हे ओळखायची खूण सांगते. ट्रॅक पँटच्या बाजूची शिवण जिथे लागते तिथे, मनगटाच्या चार-पाच बोटं वर, आतली कातडी लालसर होते. खुब्याच्या नेमक्या हाडावर आपटून दुखत असेल तर तुमची कंबर लवकर समोर वळते आहे. सुटताना कंबर तिरकीच राहू द्या, म्हणजे हाताला जायला वाट मिळते. आणि खिशात किल्ल्या, मोबाइल काही ठेवू नका, मुलींनाही ठेवू देऊ नका.

फक्की घेऊन पिचिंग प्लेटपासून (पिचर जिथून टाकते ती पट्टी) कॅचरपर्यंत सरळ रेघ मारा. पुढचं पाऊल त्या रेघेवर पडलं पाहिजे आणि हातही त्या रेघेवरच फिरला पाहिजे. वर कानाजवळून, खाली मांडीजवळून. हात पाठीमागे गेला की चेंडू आडवा जातो. मागच्या पायाची खूण मातीतच दिसते. अंगठा घासत आला तर मुरमावर सलग ओरखडा उठतो. तुटक उठला तर पाय उचलला गेला. टाकताना मागचा पाय उचलून उडी घेण्याबद्दल वेगवेगळ्या स्पर्धांचे नियम वेगळे असतात, पण शिकणारीने घासतच शिकावं. मी तर मुलगी टाकत असताना कितीदा चेंडूकडे बघतच नाही, नंतर जाऊन तो ओरखडा बघते.

फ्रीमाँटचा_बाबा

मी कॅलिफोर्नियात असतो. लेक इथल्या दहा वर्षांखालच्या संघात खेळते म्हणून मी मदतनीस कोच झालो आणि तिच्याबरोबरच शिकलो. जळगावच्या ताईंनी सांगितलंय ते अगदी बरोबर आहे. त्यात एकच भर घालतो, क्रिकेट खेळलेल्यांसाठी आणि क्रिकेट बघत वाढलेल्या मुलींसाठीही. बोलिंगमध्ये हात मागून वर येतो आणि पुढे उतरतो. विंडमिलमध्ये पुढून वर जातो, मागून खाली येतो. दिशा पूर्ण उलटी. शिवाय बोलिंगला कोपर सरळ ठेवायची सवय असते, इथे खाली येताना ते किंचित वाकलेलं आणि सैल हवं. हात काठीसारखा ताठ ठेवला की तो खुब्याला नीट लागतच नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूने चित्रण करा, लगेच दिसेल.

अंतराचंही बघा. मोठ्या बायकांची पिचिंग प्लेट होम प्लेटपासून (बॅटर जिथे उभी राहते तिथली) ४३ फुटांवर असते. इथे दहा वर्षांखाली ३५ फूट आणि चेंडू ११ इंची (घेर मोजून), बारा वर्षांखाली ४० फूट आणि चेंडू १२ इंची. लहान पंजात मोठा चेंडू दिला की मुली तो तळहातात दाबून धरतात आणि बोटांतून सुटतच नाही. सातवी-आठवीच्या नवीन मुलींना आधी जवळून टाकू द्या. स्पर्धेचं अंतर नंतर.

पुण्याची_फिजिओ

खांद्याबद्दल. खालून टाकतात म्हणून खांद्यावर ताण येत नाही, हा समज अजून खूप ठिकाणी आहे आणि त्यामुळे मुलींचं नुकसान होतं. हात डोक्यावरून मागे जाऊन खाली येतो तेव्हा दंडाच्या पुढच्या स्नायूवर मोठा भार येतो. त्या स्नायूचा एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) खांद्याच्या पुढूनच जातो. तुमचं दुखणं पुढच्या बाजूचं आहे म्हणून हा संशय आधी घ्यावा लागेल, पण तपासल्याशिवाय मी नाव देणार नाही. दुखत असताना टाकू नका. रात्री कुशीवर झोपता येत नसेल किंवा विश्रांतीनंतरही दुखणं राहत असेल तर दाखवून घ्या. पुन्हा सुरू कराल तेव्हा पायांनी ढकला. हाताने ओढून वेग काढू नका.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले आणि जपानला सुवर्ण मिळवून दिलं. टोकियोत, २०२१ साली, ३९ व्या वर्षीही ती सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होती. तिचं उदाहरण देऊन एकाच मुलीकडून दिवसभर सामने काढून घेणारे कोच मी पाहिले आहेत. ती घडलेली, प्रौढ खेळाडू होती. तेरा वर्षांच्या मुलीची हाडं अजून वाढत असतात. मॅडम, एकच पिचर तयार करू नका. निदान तिघी करा, सामन्यात आणि सरावातही चेंडू मोजायला एकीला वही देऊन बसवा, आणि टाकण्याच्या दिवसांमध्ये सुट्टी ठेवा.

पीटी_मॅडम_अमरावती

सगळ्यांचे मनापासून आभार. खांदा आधी दाखवून घेते, तोवर मुलींना भिंतीजवळचा पहिला टप्पा उभा करून देते. त्यात मला टाकायची गरज नाही, बघायला कळलं पाहिजे आणि काय बघायचं ते आता कळलं आहे. तिघी पिचर हे फार पटलं. एकीवर सगळा संघ टेकतो आणि ती आजारी पडली की आम्ही अडतो. शाळेत चेंडू सगळे १२ इंचीच आहेत, छोटे मागवायचं मुख्याध्यापकांशी बोलते.

एक विचारायचं राहिलं. आठवीतली एक मुलगी डावखुरी आहे आणि तिचा हात सगळ्यांत सैल फिरतो. तिला सगळं उलटं सांगायचं ना? बाकीचे म्हणतात डावखुऱ्या मुलीला पहिल्या बेसवर ठेवा.

जळगावची_पिचर

हो, सगळं आरशातल्यासारखं. उजवा खांदा भिंतीकडे, डावा पाय प्लेटवर, पुढे उजवं पाऊल, हात डाव्या खुब्याला. पहिल्या बेसवर डावखुरी चांगलीच, पण तिला पिचिंगही द्या. शाळांच्या स्पर्धांत डावखुरी पिचर क्वचित भेटते, आणि बॅटरला त्या बाजूने येणारा चेंडू बघायची सवय नसते. तिला समोर उभं करून शिकवा, म्हणजे तुम्ही उजव्या हाताने दाखवाल ते तिला जसंच्या तसं उचलता येईल.