आत्याने पत्रात सांगितलेलं वृश्चिकेतलं भोक नाशिकहून दिसेल का?

गोदाकाठची: नमस्कार मंडळी, सध्या कॅरोलाइन हर्शेलची पत्रं वाचतेय. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलची ही बहीण, स्वतः ८ धूमकेतू शोधलेली. १८२२ मध्ये भाऊ गेल्यावर ती इंग्लंड सोडून जर्मनीत हानोव्हरला जन्मगावी परत गेली आणि तिथून भाच्याला, जॉन हर्शेलला, पत्रं लिहीत राहिली. १८३३ मध्ये जॉन दक्षिणेचं आकाश बघायला केप टाउनला निघायच्या आधी ही ८३ वर्षांची आत्या त्याला लिहिते की तुझी दुर्बीण उभी राहिली की वृश्चिकेच्या खालच्या भागात नक्की बघ, तुझे वडील कित्येक रात्री, कित्येक वर्षं त्याच जागेकडे परत परत वळायचे पण त्यांचं समाधान काही झालं नाही. हे वाचून मला रात्री झोप नाही लागली. जॉनला ते सापडलं का, ते नेमकं काय होतं, आणि माझ्याकडे १०×५० ची बायनॉक्युलर आहे तर मे महिन्यात इथून दिसेल का?

जुनी_पंचांगं: सापडलं ताई, आणि तो सगळा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. जून १८३४ मध्ये जॉनने कळवलं की तुझी सूचना लक्षात आहे, वृश्चिक धुंडाळतोय आणि तिथे सुंदर गोलाकार तारकागुच्छ भरपूर आहेत. दुसरं कोणी असतं तर खूश होऊन गप्प बसलं असतं. आत्याने उलट लिहिलं की मला गुच्छ नको आहेत, माझ्या आठवणीत वेगळंच आहे, तुझे वडील एकदा बराच वेळ गप्प बघत बसले आणि मग म्हणाले, ‘इथे खरोखरच आकाशाला भोक आहे!’ त्यावर जॉनने पुन्हा नोंदवह्या काढल्या आणि १८३५ च्या सुरुवातीला त्याचं उत्तर आलं, हो, अगदी बारीकसाही तारा नसलेल्या रिकाम्या जागा आहेत, आणि सोबत त्या कुठे कुठे आहेत त्याची यादीच दिली. केपला जहाजाने पोचायलाच दोन महिने लागत, म्हणजे एका प्रश्नाचा पिच्छा तिने दीड वर्ष पुरवला. तिला नुसती ‘भावाची मदतनीस’ म्हणणाऱ्यांनी ही पत्रं वाचावीत असं माझं ठाम मत आहे. काय सापडलं आणि काय नाही यातला फरक तिला भाच्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसत होता.

अँटारेस_४२२: ते नेमकं काय होतं याचं उत्तर देतो. ते भोक नाही, धूळ आहे. तारे मागे आहेतच पण मधल्या वायू-धुळीच्या ढगाने त्यांचा प्रकाश अडवलाय. विल्यमने १७८५ च्या लेखात लिहिलं होतं की एम ८० हा गुच्छ बरोबर या रिकाम्या जागेच्या पश्चिम कडेवर आहे, आणि त्याला वाटायचं की आजूबाजूचे तारे ओढले जाऊन गुच्छ झाला म्हणून जागा ओस पडली. कल्पना छान होती पण अंतरं जुळत नाहीत, ढग साधारण ४५० प्रकाशवर्षांवर आणि एम ८० तर ३०,००० च्याही पलीकडे, दोघांचा काही संबंध नाही. हे कळायला फोटोग्राफी यावी लागली. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ बर्नार्डने अशा काळ्या जागांचे फोटो काढून १९१९ मध्ये १८२ जागांची यादी छापली.

गोदाकाठची: धन्यवाद दादा! पण पत्रात ‘खालचा भाग’ म्हटलंय आणि एम ८० तर वर डोक्याकडे आहे ना?

अँटारेस_४२२: बरोबर पकडलंत. पण ती आठवणीतून लिहीत होती, सोबत वही नव्हती, आणि जॉनच्या यादीतली जागा वृश्चिकेतल्या लाल ताऱ्याच्या, ज्येष्ठाच्या, जवळच येते. त्यामुळे बहुतेक जण ज्येष्ठाच्या थोडं उत्तरेला असलेला ढगच धरतात आणि मलाही तेच पटतं.

पेठरोडवाला: नाशिकहून दिसेल, आणि विल्यमपेक्षा चांगलं दिसेल! त्याची दुर्बीण विंडसरच्या आसपास, तिथे हा भाग क्षितिजावर जेमतेम १५ अंश चढतो. आपण २० अक्षांशावर, आपल्याकडे साधारण ४७ अंश. केपला तर जवळपास डोक्यावर, म्हणून तर आत्या भाच्याच्या मागे लागली. पण गंगापूर रोड किंवा सीडकोतून प्रयत्न नका करू, तारे नसलेली जागा बघायची तर आजूबाजूला तारे दिसायला हवेत ना, शहराच्या उजेडात सगळंच रिकामं. पेठ-हरसूलच्या बाजूला जा, अमावस्येच्या आसपास, एकट्या नका जाऊ. मेच्या मध्यात रात्री दीडच्या सुमाराला ज्येष्ठा दक्षिणेला सगळ्यात उंच असते, जूनवर ढकलू नका, ढग आले की संपलं. आधी लालसर ज्येष्ठा धरा, तिच्या लगेच पश्चिमेला एम ४ या गुच्छाचा धूसर ठिपका येईल. मग ज्येष्ठा आणि अनुराधातला सगळ्यात उत्तरेचा तारा यांच्या मधोमध एम ८०, तो बायनॉक्युलरमधून जरा फुगलेल्या ताऱ्यासारखाच दिसतो. आता तिथून हळूहळू पूर्वेला सरका आणि तारे कुठे विरळ होतात ते बघा. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास द्या, मोबाइल खिशातच ठेवा.

जुनी_पंचांगं: अजून एक राहिलं. ही पत्रं १८७६ मध्ये छापली ती जॉनच्या सुनेने. तिचा नवरा, त्याचंही नाव जॉनच, इथे भारतात जमीन मोजणाऱ्या सर्व्हे खात्यात अधिकारी होता आणि १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण त्याने वर्णपटदर्शक घेऊन आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या जमखंडीहून बघितलं. सगळं पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे, १८३३ ते १८३५ ची पत्रं आधी वाचा, मग मागे जा.

गोदाकाठची: जमखंडी!! माझं आजोळ आहे ते. पेठच्या बाजूला मेच्या अमावस्येला कोण कोण येतंय ते इथेच सांगा, गाडीत तीन जागा आहेत.