मदत हवी आहे: शेफील्डचा जुना घडीचा चाकू, कोरीव मूठ हाडाची की हस्तिदंताची?

नमस्कार मंडळी,

मी यॉर्कशायरमध्ये राहते. इथल्या कार बूट सेलमधून (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) आणि जुन्या बाजारांतून हाडाच्या मुठीचे घडीचे चाकू गोळा करायचा नाद लागलाय. शस्त्रं वगैरे नाहीत हो, खिशात मावणारे, फळ कापायचे, पेन्सिलीला टोक काढायचे चाकू. नवरा याला भंगाराचा धंदा म्हणतो. पण चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं शेफील्ड इतकं जवळ असताना माणसाने दुसरं गोळा तरी काय करायचं?

माझ्याकडचे सगळे साध्या किंवा खाचा पाडलेल्या मुठींचे आहेत. आता पहिल्यांदाच खरीखुरी कोरीव मूठ समोर आली आहे. मिटलेला चाकू माझ्या तर्जनीपेक्षा थोडा लांब. दोन पाती, मोठ्याचं टोक झिजून बोथट झालेलं. मुठीच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाची पानं आणि त्यांतून सशामागे धावणारा कुत्रा. रंग दुधाळ चहासारखा, कडेला जास्त गडद. दोन्ही टोकांना पांढऱ्या धातूच्या टोप्या, बहुधा जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू). मोठ्या पात्याच्या मुळाशी शिक्का आहे, पण अर्धा पुसलेला: मुकुट दिसतो, त्याच्या एका बाजूला आर, खाली '...जर्स' आणि 'शेफील्ड'.

विकणारे आजोबा ठामपणे हस्तिदंत म्हणतात आणि किंमतही तशीच सांगतात. पुढच्या रविवारपर्यंत बाजूला ठेवायला तयार झालेत. मला कळायला हवंय की हे नक्की काय आहे, साधारण कधीचं असेल, आणि घेतलंच तर साफ कसं करायचं. डिसेंबरात पुण्याला जाणार आहे. बाबांना अडकित्ते आणि जुन्या सुऱ्यांचं वेड, त्यांना दाखवायला नेता येईल का?

उगाच एक:
सोपं आहे. सुई लाल करून मुठीला टोचा. जळक्या केसांचा वास आला तर हाड, प्लास्टिकचा आला तर प्लास्टिक. हाकानाका.

जुनं लोखंड:
ताई, वरचा सल्ला कृपया ऐकू नका. एक तर चाकू अजून तुमचा नाही. दुसरं, हाड आणि हस्तिदंत दोन्ही जळल्यावर सारखाच वास देतात, म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळतच नाही. आणि मूठ सेल्युलॉइडची (जुन्या काळचं प्लास्टिक) निघाली तर ती भसकन पेटते.

सोनाराकडचं दहापटीचं भिंग घ्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. हाडात रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात. मुठीच्या लांबीच्या दिशेने त्या छोट्या तुटक रेघांसारख्या दिसतात, आडव्या कापावर ठिपक्यांसारख्या. वर्षानुवर्षांचा मळ त्यांत बसून त्या तपकिरी झालेल्या असतात. हस्तिदंतात हे ठिपके नसतात. त्याच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसतात, पण चाकूच्या पातळ पट्टीला आडवा काप असतो कुठे? फक्त टोकाशी, तोही टोपीखाली दडलेला. म्हणून कमानी शोधत बसू नका, तपकिरी तुटक रेघा शोधा. त्या दिसल्या की हाड, विषय संपला. सेल्युलॉइडमध्येही हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या रेघा असतात, पण त्या वहीवर आखल्यासारख्या समांतर आणि सरळ. निसर्ग इतका शिस्तीचा नसतो.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. कोरलेलं आहे की ठशात दाबलेलं? जुन्या काळी जनावराचं शिंग गरम करून ठशात दाबत आणि त्यावर शिकारीची चित्रं उठवत. ते चाकूही छान असतात, पण त्यांना 'हाताने कोरीव' म्हणून विकलं जातं आणि किंमत वाढते. हाड असं दाबता येत नाही, ते कोरावंच लागतं. पानांच्या खोलगट भागात हत्याराच्या बारीक ओरखड्या दिसायला हव्यात. दोन्ही बाजूंचे कुत्रे ताडून बघा. कान, शेपटी, पाय तंतोतंत जुळले तर ठसा. हवेचे सूक्ष्म बुडबुडे किंवा कडेने जोडाची रेघ दिसली तर सरळ रेझिन (साच्यात ओतलेलं प्लास्टिक), परत द्या.

आता शिक्का. मुकुट आणि '...जर्स' म्हणजे जोसेफ रॉजर्स अँड सन्स असण्याची शक्यता बरीच. त्यांची खूण म्हणजे एक चांदणी आणि बाजूला माल्टीज क्रॉस (आठ टोकांचा क्रूस). ती खूण १६८२ पासूनची. पत्ता ६, नॉर्फोक स्ट्रीट. याच मंडळींनी १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा तो अवाढव्य नॉर्फोक चाकू बनवला. मुकुटाच्या दोन बाजूंची अक्षरं व्ही आणि आर असतील तर व्हिक्टोरिया राणी, म्हणजे १९०१ च्या आतला. जी आणि आर असतील तर बहुधा १९१० नंतरचा, पाचव्या जॉर्जच्या वेळचा किंवा पुढचा. कुठेही 'स्टेनलेस' लिहिलेलं असेल तर १९१३ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये ते पोलाद त्या वर्षी काढलं. फक्त मुकुटावर भुलू नका. रॉजर्सचं नाव इतकं चालायचं की मिळत्याजुळत्या नावांनी माल खपवणारे तेव्हाही होते.

भिंगवाली:
कायद्याचं मी सांगते, कारण इथे नसती भानगड होऊ शकते. ब्रिटनमध्ये हस्तिदंत कायदा २०१८ हा जून २०२२ पासून लागू आहे. हस्तिदंती वस्तू विकणं जसं बेकायदा, तसंच विकत घेणंही. १९४७ पूर्वीच्या वस्तूत हस्तिदंत आकारमानाने १० टक्क्यांहून कमी असेल तर सूट मिळते, पण तीही सरकारदरबारी नोंद केल्यावरच. मुठीच्या दोन्ही पट्ट्या हस्तिदंताच्या असलेला छोटा चाकू त्या १० टक्क्यांत बसणं कठीण. म्हणजे आजोबांचं म्हणणं खरं असेल तर त्यांना तो असा विकताच येणार नाही! हे त्यांना गोड आवाजात सांगून बघा. हस्तिदंत लगेच हाड होईल आणि किंमतही उतरेल :)

भारतात तर हस्तिदंत नेण्याचा विचारही नको. आपल्याकडे १९८६ पासून भारतीय आणि १९९१ पासून आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद आहे. बैलाच्या हाडाला ही अडचण नाही. चाकू मात्र चेक-इन बॅगेतच, हातातल्या बॅगेत अजिबात नाही. आणि एक गोष्ट लोक विसरतात. शंभरीच्या पुढची वस्तू भारतातून बाहेर न्यायची म्हटली की १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. बाबांना फक्त दाखवून परत आणायचा बेत असेल तर येताना कस्टममध्ये हुज्जत घालावी लागू शकते. त्यापेक्षा बाबांनाच इकडे बोलवा. शेफील्डच्या केलम आयलंड म्युझियममध्ये हॉली संग्रह आहे, शेफील्डमध्ये बनलेली हत्यारं आणि सुऱ्या. अडकित्त्यांच्या वेड्या माणसाला तिथून बाहेर काढावं लागेल.

उगाच एक:
सुईचं मागे घेतो. पण साफ करायला खोबरेल तेल चालेल ना?

जुनं लोखंड:
नाही. खोबरेल कालांतराने खवट होतं आणि बिजागरीत चिकट गोळा होऊन बसतं. केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन किंवा शिलाई मशीनचं तेल, सांध्यात एकच थेंब. हाड पाण्यात बुडवायचं नाही. ते पाणी पितं, फुगतं, आणि वाळताना खिळ्यांपाशी तडकतं. किंचित ओलसर सुती फडका, लगेच कोरडा फडका. कोरीवकामातला मळ लाकडी टूथपिकने, आणि तोही सगळा नाही. खोलगट जागेतला काळेपणाच नक्षी उठावदार करतो.

पात्यावरची काळपट-करडी झाक ठेवायची. ती गंज नव्हे. तांबूस, बोटाला लागणारी भुकटी असेल तेवढीच तेल लावून, बोथट तांब्याच्या नाण्याने घासून काढायची. पॉलिश पेपर घेतलात तर शिक्का जाईल आणि अर्धी किंमतही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! भिंग घेऊन आज सकाळी जाऊन आले. तुटक तपकिरी रेघा स्पष्ट दिसल्या, विशेषतः खालच्या पट्टीवर. दोन्ही कुत्रे वेगळे निघाले. एकाचा कान उडालेला, दुसऱ्याचा मागे चिकटलेला, आणि एका बाजूचा ससा तर चक्क मांजरासारखा आहे. पानांच्या शिरांत ओरखडे आहेत. शिक्का तिरप्या उजेडात धरल्यावर व्ही सापडला, चांदणीही. क्रॉसच्या जागी नुसता खड्डा.

भिंगवालीताईंचा डायलॉग मारला. आजोबा हसले आणि म्हणाले, "हाड तर हाड." किंमत निम्म्याच्या जवळ आली, घेतला.

आता एकच अडचण. मधल्या खिळ्यापासून कडेपर्यंत केसासारखी तडा आहे आणि लहान पातं उघडल्यावर किंचित डुगडुगतं. तडेत फेविक्विकसारखं काही घालू का? आणि डुगडुग घालवायला टोपीवर हलकेच हातोडी मारतात असं एका व्हिडिओत पाहिलं.

जुनं लोखंड:
दोन्ही नको! फेविक्विक तडेत पांढरं पडतं आणि नंतर निघत नाही. मधला खिळा बहुतेक लोखंडी असेल, तो आतून गंजून फुगला की हाड तडकतं. खिळ्याच्या डोक्याशी तेलाचा अगदी बारीक थेंब सुईच्या टोकाने द्या, जास्त नको, नाहीतर हाडावर डाग उतरेल. दर दोन-तीन महिन्यांनी तडेचा फोटो काढून ताडून बघा. वाढत नसेल तर सोडून द्या. रेडिएटरजवळ किंवा खिडकीतल्या उन्हात मात्र ठेवू नका.

हातोडीने डुगडुग जाते हे खरं, पण हाडाच्या मुठीवर तो धोका कोणी घेऊ नये. लहान पातं मिटूनच ठेवा, वापरायचं तर मोठं आहेच. खिशात घालून फिरायचं असेल तर तिथला नियमही लक्षात ठेवा: पातं लॉक होणारं नसावं आणि धार ३ इंचांहून जास्त नसावी. तुमच्या वर्णनावरून हा त्यात बसतो.

आणि फोटो टाका की, विशेषतः तो मांजरासारखा ससा.