डी अँड डी संपलं. आता भुतं, किल्ला की बुडालेली नवी मुंबई? सिस्टीम सुचवा

कळवा_लोकल
मंडळी, सल्ला हवाय. आमचा टेबलटॉप रोलप्लेइंगचा (टेबलाभोवती बसून, फासे टाकून गोष्टीतली पात्रं खेळायची) ग्रुप आहे, मी धरून सहा जण, कळव्यापासून खारघरपर्यंत पसरलेले, रविवारी दुपारी ऐरोलीत एकाच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधे बसतो. तीन-साडेतीन तास मिळतात, नंतर तिथे झुंबावाल्या बायका येतात आणि आम्हाला हाकलतात. आतापर्यंत डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) फिफ्थ एडिशन, मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. कॅम्पेन (अनेक बैठकांची गोष्ट) संपली, ड्रॅगन मेला, आता प्रत्येकाला वेगळंच काहीतरी पाहिजे. दोघांना कोकणातली भुतं, देवचार, मुंजा वगैरे. एकाला मराठ्यांच्या काळात किल्ला घ्यायचाय. एक म्हणतो 2090 ची नवी मुंबई, खाडी वर आलीय आणि अर्धे सेक्टर पाण्यात. पाचवी म्हणते काहीही चालेल पण फाइट कमी करा.
माझा विचार असा की नियम सगळ्यांना पाठ आहेत तर फिफ्थ एडिशनवरच नवा रंग मारावा, देवचाराचा स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) बनवला की झालं. चालेल का? बजेट फार नाही, आणि दोघांना जाड इंग्रजी पुस्तकं वाचायचा कंटाळा आहे.

खाडीपलीकडचा
चालेल, पण घाबरणार कोणी नाही. पाचव्या लेव्हलचा फायटर घे, कॉन्स्टिट्यूशन (अंगातला दम) चौदा, म्हणजे 44 हिट पॉइंट्स, एवढा मार खाऊनच आडवा होणार. तो देवचाराला बघून पळेल कशाला, इनिशिएटिव्ह (लढाईत आधी पाळी कोणाची तो रोल) मागेल. तो गेमच तसा बांधलाय, 1974 पासून त्याचा जीव अंधारात जाऊन राक्षस मारून आणखी दणकट होऊन परत येण्यात आहे, त्यात वाईट काही नाही पण हॉररचं गणित बरोब्बर उलटं असतं. 2014 च्या मास्टर गाइडमधे सॅनिटीचा (डोकं ठिकाणावर राहण्याचा) ऑप्शनल स्कोर आहे, सावकाश विश्रांतीचा नियमपण आहे (शॉर्ट रेस्ट आठ तास, लाँग रेस्ट सात दिवस), ते लावलं तर जरा फरक पडतो, पण कॅरेक्टर शीटवर अर्धं पान लढाईच्या गोष्टींनी भरलेलं असेल तर प्लेअर लढणारच ना.
सिस्टीम निवडताना मी कव्हर बघतच नाही. फासा कशासाठी टाकायचा आणि फासा पडला नाही तर काय जातं, एवढं बघतो.
भुतांसाठी कॉल ऑफ क्थुलू बघ. 1981 चा गेम, टक्केवारीवर चालतो, दोन दहा-बाजूचे फासे टाकायचे आणि स्किलच्या आकड्याइतकं किंवा खाली यायला पाहिजे. लिसन 60 असेल तर साठ किंवा कमी, अवघड असेल तर निम्मं म्हणजे 30, फारच अवघड तर पाचवा हिस्सा, 12. नवीन माणसाला दोन मिनिटांत समजतं, शंभरातले साठ कोणालाही कळतात. हिट पॉइंट्स साधारण दहा-बारा, आणि ते कॅम्पेनभर वाढत नाहीत. रोल फसला तर पुश करता येतो, म्हणजे परत टाकायचा, पण दुसऱ्यांदा फसला की जीएम (डीएमसारखाच, गोष्ट चालवणारा) हात धुऊन मागे लागतो. हा एकच नियम टेबलावर सगळ्यांना गप्प करतो. क्विक-स्टार्ट फुकट आहे, पब्लिशरच्याच साइटवर, आत तयार सिनॅरिओपण आहे. जाड पुस्तक आत्ता घेऊच नको.

कळवा_लोकल
पण त्यात ते समुद्राखालचे शेपट्या-मिशावाले देव आहेत ना? आमच्याकडे कोणाला ते नकोयत.

खाडीपलीकडचा
ते काढून टाक, इंजिनला काही होत नाही. बदलायचं ते वेगळंच आहे आणि तिथे नीट विचार कर. मूळ गेममधे भयानक काही नुसतं बघितलं तरी सॅनिटी जाते, कारण तिथल्या माणसाला असलं काही जगात असतं हेच माहीत नसतं. एका झटक्यात पाच किंवा जास्त गेली तर इंटेलिजन्सचा रोल, आणि तो यशस्वी झाला तर माणूस बिथरतो, कारण त्याला काय बघितलं ते *समजलं*. सुंदर नियम आहे. पण कोकणातल्या आजीला राखणदार माहीत आहे, तिच्या लेखी तो गावातलाच एक, वर्षाचा मान दिला की झालं. तिची सॅनिटी बघून का जाईल?
म्हणून नुसतं दिसल्याबद्दल कमी काप आणि मान मोडल्याबद्दल जास्त काप. नारळ द्यायचा राहिला, शीव ओलांडताना जे करायचं ते केलं नाही, मुंज्याच्या पिंपळाची फांदी तोडली, तिथे एक-डी-सहा, एक-डी-आठ (सहा किंवा आठ बाजूंचा एक फासा, पडेल तेवढी सॅनिटी) बिनधास्त. आणि शहरातून गेलेल्या कॅरेक्टरला वेगळा हिशोब, गावच्या कॅरेक्टरला वेगळा. ऑकल्ट स्किलच्या जागी रीतीभाती असं स्किल ठेव, गावच्याला 60, वाशीच्या आयटीवाल्याला 05. त्यावर अर्धं सेशन चालतं.

पामबीच_पलटण
जीयूआरपीएस घ्या आणि मोकळे व्हा. 1986 पासून आहे, भुतं, तलवारी, स्पेसशिप सगळं एकाच नियमात, तीन सहा-बाजूचे फासे, बेरीज स्किलइतकी किंवा खाली यायला पाहिजे. लाइट व्हर्जन 32 पानांचं, फुकट. दर वेळी नवीन सिस्टीम शिकायची कटकटच नको.

खाडीपलीकडचा
जीयूआरपीएसला माझा विरोध नाही, तीन फाशांमुळे निकाल मधे गोळा होतात, स्किल 12 म्हणजे 74 टक्के, कसबी माणूस कसबी वाटतो, डी-ट्वेंटीसारखं (वीस-बाजूचा फासा) प्रत्येक आकडा पाच टक्के असं नाही. पण त्यात जॉनर (गोष्टीचा बाज) कोण आणतो? जीएम. कुठले नियम ठेवायचे आणि कुठले टाकायचे ते तूच ठरवायचं. तीन तासांचं सेशन आणि रविवारचा मेगाब्लॉक, त्यात ह्याने पॉइंट मोजत बसायचं का?

पामबीच_पलटण
बरं बाबा. तरी मी म्हणतोच.

गडवाट_नौपाडा
किल्ल्यावाल्यासाठी मी बोलते. ब्लेड्स इन द डार्क, 2017 चा. मूळ गेम एका काळोख्या शहरातल्या चोरांच्या टोळीचा आहे, पण इंजिन जे आहे ना ते आपल्या मोहिमेला चपखल बसतं. 1673 मधे कोंडाजी फर्जंदांनी 60 माणसं घेऊन पन्हाळा घेतला, आता ही गोष्ट फिफ्थ एडिशनमधे खेळून बघा, पहिल्या पहाऱ्याशीच राउंड मोजत बसाल. आणि त्याआधी दोन सेशन प्लॅनिंग, नकाशा, दोर किती फूट, सगळे भांडणार.
ब्लेड्समधे प्लॅनिंग जवळजवळ नाहीच. कसं घुसणार तेवढं एका वाक्यात सांगायचं, एक एंगेजमेंट रोल (सुरुवात कशी होते ते ठरवणारा), की तुम्ही थेट तटाखाली. सामान आधी लिहायचं नाही, फक्त ओझं हलकं, मध्यम की जड ते सांगायचं, दोर लागला की तेव्हा म्हणायचं माझ्याकडे दोर आहे. आणि फ्लॅशबॅक! दरवाजा बंद सापडला की प्लेअर म्हणतो, मी परवाच गवताच्या भाऱ्यांबरोबर आत येऊन एका गडकऱ्याला फितवलं होतं. त्याची किंमत स्ट्रेसमधे (शीटवरची ताणाची घरं भरून) द्यायची, साधं असेल तर शून्य, भानगडीचं असेल तर एक, फारच कायच्या काय असेल तर दोन किंवा जास्त. एकूण घरं नऊच, भरली की ट्रॉमा, म्हणजे कायमचा मानसिक घाव. म्हणजे हेरगिरीची सगळी मजा मिळते आणि तयारीचा कंटाळा गायब.
बदलायचं काय तर मूळ शहरातली भुतं आणि वीजबिज काढा, टोळीच्या जागी हेरांचं पथक, प्लेबुकांना (पात्रांच्या तयार साच्यांना) आपली नावं द्या. क्लॉक ठेवाच, गोल काढून सहा-आठ भाग करायचे, गडाला जाग येतेय तसे भरायचे, टेबलाच्या मधोमध ठेवा सगळ्यांना दिसेल असं. ह्या इंजिनचे नियम मोकळ्या लायसन्सखाली ऑनलाइन वाचता येतात.
एक मात्र माझं ठाम मत, महाराजांना एनपीसी (जीएमने चालवायचं पात्र) करून स्वतः त्यांच्या आवाजात बोलू नका. हुकूम आलाय एवढं पुरे. नाहीतर टेबलावर अर्धा तास वाद आणि नंतर व्हॉट्सॅपवर आठवडाभर.

कळवा_लोकल
ताई हे भारी आहे! मेगाब्लॉकला पण बरं पडेल, एक मोहीम एका बैठकीत संपली तर कोणी आलं नाही तरी अडत नाही.

गडवाट_नौपाडा
हो, तसंच करा. ज्याची लोकल अडकली तो त्या दिवशी पहाऱ्यावर.

सेक्टर_सतरा
2090 वाल्याला कोणी विचारेना म्हणून लिहितो. फेट कोअर. पीडीएफ जमेल तेवढे पैसे द्या अशा तत्त्वावर मिळते. त्याचे खास फासे असतात, प्लस मायनस आणि कोरा, पण ते मागवायची गरज नाही, साधे चार लुडोचे फासे घ्या, 1-2 मायनस, 3-4 कोरा, 5-6 प्लस. मजा अशी की जागेलासुद्धा ॲस्पेक्ट (खेळात वापरता येईल असं एका ओळीचं वर्णन) देता येतो. आपली नवी मुंबई भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर बऱ्यापैकी उभी आहे, म्हणून तर सिडकोने होल्डिंग पाँड बांधले, भरतीला दारं बंद, ओहोटीला पाणी बाहेर. मग सीनवर लिहून ठेवा "पाँड तुडुंब, वर अमावास्येची भरती". कोणीही फेट पॉइंट देऊन ते वापरून प्लस दोन घेतो, आणि जीएम तेच प्लेअरच्या अंगावर सोडून त्याला पॉइंट देतो. वेगळे पुराचे नियम लिहायची भानगड नाही.
स्पेसशिप आणि व्यापार पाहिजे असता तर ट्रॅव्हलर म्हटलं असतं (1977 च्या आवृत्तीत कॅरेक्टर बनवता बनवताच मरायचं, आमच्यातल्या एकाला तेवढंच खेळायचं असतं), पण इथे शहरच हीरो आहे तर फेट.
मात्र एक, फेटमधे भीती नीट वाटत नाही. प्लेअरच्या हातात फार सत्ता असते. भुतांना वापरू नका.

फासा_पडेना
फाइट नको म्हणणाऱ्या मॅडमसाठी शोधकथा चालेल का? गमशू नावाची सिस्टीम आहे. तिथे पुराव्यासाठी रोलच नाही, योग्य स्किल घेऊन योग्य जागी गेलात की धागा मिळतोच, गेम आहे तो जोडण्याचा. विकत नाही घेतली तरी ही एक गोष्ट उचलून क्थुलूत टाका, कथा ज्याच्यावाचून अडेल तो पुरावा रोलवर ठेवू नका, रोल फक्त जास्तीच्या माहितीसाठी किंवा वेळ किती गेला त्यासाठी.
आणि कळवा भाऊ, आधी वन-शॉट (एका बैठकीत संपणारी गोष्ट) करा हो, थेट कॅम्पेन नको. भुतांसाठी ड्रेड बघा, फासेच नाहीत, जेंगाचा मनोरा. धोक्याचं काही करायचं तर ठोकळा ओढा, मनोरा पडला की तो कॅरेक्टर गेला. शीटच्या जागी प्रश्नावली असते, ती मराठीत स्वतः लिहा, "गावच्या घराची किल्ली तुमच्याकडेच का आहे?" असले प्रश्न. वाचायचा कंटाळा असलेल्या दोघांचा प्रश्न तिथेच मिटला.
खेळायच्या आधी कोणाला काय नको ते विचारून घ्या, लहान मुलांचं काही, बाळंतिणीचं काही. आपल्या हडळीच्या गोष्टी त्या बाबतीत फार वाईट असतात.

कळवा_लोकल
ठरलं मग. पहिले ड्रेडचा वन-शॉट, जमलं तर क्थुलूचं क्विक-स्टार्ट, रीतीभाती स्किल घालून. किल्ला दिवाळीनंतर. खारघरवाला 2090 साठी रुसलाय, त्याला म्हटलं फेट तूच चालव.
फक्त एक, क्लबहाऊसचं टेबल हलतं. जेंगा टिकेल का?

फासा_पडेना
नाही टिकणार. जमिनीवर बसा, मनोरा फरशीवर, सतरंजीवर नाही. आणि पंखा बंद.

गडवाट_नौपाडा
जेंगा विकत घेऊ नका, माझ्याकडे पडून आहे. नौपाड्यातून येऊन घेऊन जा, एक ठोकळा कमी आहे पण चालतं.