मेटफॉर्मिननंतर पुढे काय: डापाग्लिफ्लोझिन की आठवड्याचं इंजेक्शन?

घोडबंदरकर
मधुमेह निघाला आणि पोट सुटलेलं असलं, की हल्ली ठाण्यात लगेच 'मुंजारो (तिर्झेपटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन) घेऊ का?' सुरू होतं. माझं मत स्पष्ट आहे. मेटफॉर्मिन (मधुमेहाची नेहमीची पहिली गोळी) पचतंय आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आठ टक्क्यांच्या आत आहे, तर आधी डापाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ, म्हणजे लघवीतून साखर बाहेर काढणारी गोळी. २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून ती खूप स्वस्त झाली. वजन दोन-तीन किलो उतरतं, शिवाय हृदय आणि किडनी दोन्ही सांभाळले जातात. मार्च २०२५ मध्ये मुंजारो आलं तेव्हा ५ मिग्रॅची आठवड्याची कुपी ४,३७५ रुपयांना होती, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार! सेमाग्लुटाइड, म्हणजे असंच दुसरं आठवड्याचं इंजेक्शन, थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आल्याचं अभ्यासात दिसलंय.

नेरूळकर
९५ किलोच्या माणसाचं दोन-तीन किलोंनी काय होणार? मधुमेहींमध्येच तिर्झेपटाइड १५ मिग्रॅने ७२ आठवड्यांत सुमारे १४.७ टक्के वजन उतरलं. फॅटी लिव्हर आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर फरक तिथे पडतो. थांबवल्यावर वजन वाढतं हे खरं, पण बीपीची गोळी थांबवली की बीपीही वाढतंच. म्हणून ती कुणी नाकारत नाही.

औषधवाला_वाशी
दोघांनी मोलाची गोष्ट सोडली: बाकीच्या गोळ्यांचं काय? इंजेक्शन सुरू करताना सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला डॉक्टरांना सांगा. त्या आणि इंजेक्शन एकाच वाटेने काम करतात, जास्तीचा फायदा नाही. ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीचा डोस कमी करावा लागतो, नाहीतर जेवण कमी झाल्यावर साखर एकदम खाली जाते, आणि तेही गर्दीच्या लोकलमध्ये. तिर्झेपटाइड २.५ मिग्रॅ चार आठवडे, मग ५. घाई केली की उलट्या, उलट्यांनी पाणी कमी, मग क्रिएटिनिन (किडनीवरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) वर. आधी डोळ्यांचा पडदा तपासा. साखर झपाट्याने उतरली तर पडद्याचा जुना त्रास (रेटिनोपॅथी) बळावू शकतो. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल तर आधीच सांगा. कुपी २ ते ८ अंशांत, फ्रीझरमध्ये मुळीच नको.

घोडबंदरकर
मान्य. पण स्नायूंचं काय? पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलेला आपला 'थिन-फॅट' बांधा आठवा: मुळातच स्नायू कमी, चरबी जास्त. भूक मेल्यावर माणूस दोन घास वरणभात खाऊन उठतो. उतरलेल्या वजनात स्नायूही जातात. अंडी, पनीर, मटकी, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलणं ठरलेलं नसेल, तर इंजेक्शन लिहूच नये.

नेरूळकर
इथे तुमच्याशी सहमत, साठीच्या पुढे तर नक्कीच. पण तुमची डापाग्लिफ्लोझिनही निरुपद्रवी नाही. लघवीतून साखर जाते म्हणून जननांगाला बुरशी, खाज. हरतालिकेचा निर्जळी उपवास, जुलाब-उलट्या अशा वेळी ती थांबवायची, ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधीपासून बंद. नाहीतर साखर २०० च्या आत असूनही कीटोअॅसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्लं साचण्याचा गंभीर प्रकार) होतो, आणि ग्लुकोमीटर बघून घरचे निर्धास्त राहतात. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर रक्तातले कीटोन तपासायलाच हवेत.