भावाचं लग्न आधी की ग्रीन कार्ड?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ डॅलसला एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. कंपनीमार्फत आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) भरून झालाय, प्रायॉरिटी डेटही (रांगेतली तारीख) लागलीय, म्हणजे कार्ड कधीही येऊन पडेल. इकडे लग्न ठरलंय. याद्या झाल्या, पुण्यातलं कार्यालय फेब्रुवारीचं मिळालं. मुलगी पुण्यातच नोकरी करते. भावाचं म्हणणं, आधी कार्ड येऊ दे, मग निवांत लग्न करू आणि तिला बायको म्हणून बोलावून घेऊ. त्याच्या ऑफिसात कोणी सांगतं के-१ (ठरलेल्या नवरीचा व्हिसा) कर, कोणी म्हणतं टूरिस्ट व्हिसावर आण आणि इथेच अर्ज टाक. कोणाला अनुभव आहे का?

– मेघना, एडिसन

*

मेघना, के-१ आणि बायकोसाठीचा के-३ दोन्ही फक्त सिटिझनसाठी. ग्रीन कार्डवाल्याला ते दार नाहीच. (के-३ तर सिटिझनलाही आता कागदावरच उरलाय.) आणि टूरिस्ट व्हिसाचं नाव काढू नका. राहायला येतेय हे मनात ठेवून "फिरायला चाललेय" असं अधिकाऱ्याला सांगायचं म्हणजे खोटं बोलणं. ते एकदा फाइलवर चढलं की कायमचं नडतं. शिवाय ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला नंबर येईपर्यंत इथे वैध स्टेटसवर राहावं लागतं. सहा महिन्यांच्या टूरिस्टवर ते कसं जमणार?

– प्राजक्ता

*

मेघना, तुझ्या भावाला सांग, "आधी कार्ड, मग लग्न" हाच क्रम सगळ्यात महाग पडतो. लग्न कार्ड मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी झालं की दुसऱ्या दिवशी, यावर सगळं ठरतं.

मंजुरीच्या आधी लग्न झालेलं असेल, तर बायको त्याच्याच अर्जात बसते. तिच्यासाठी आय-१३० (नातेवाइकाला बोलावण्याचा वेगळा अर्ज) लागत नाही. कार्ड मिळाल्यावर त्याने आय-८२४ (मंजुरी कॉन्सुलेटला कळवायचा अर्ज) भरायचा, फाइल मुंबईच्या कॉन्सुलेटकडे जाते, मुलाखत बीकेसीत. याला फॉलो-टू-जॉइन म्हणतात. व्हिसा देताना प्रायॉरिटी डेट लागू असावी लागते, पण ती नवऱ्याचीच जुनी तारीख. मध्येच मागे सरकली तर थांबावं लागेल, नव्याने रांग लावावी लागत नाही.

मंजुरीनंतर लग्न केलं, तर आय-१३० आणि एफ२ए ची, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकामुलांची रांग. ही रांग लहरी आहे. २०१९ च्या जुलैत ती नाहीशीच झाली होती, २०२३ मध्ये पुन्हा लागली. एक बरं, नोकरीच्या रांगेत भारतीयांचे जे हाल होतात ते इथे नाहीत, कारण एफ२ए मधले तीन चतुर्थांश व्हिसा देशवार मर्यादेच्या बाहेर ठेवलेत. तरी नवीन लग्न झालेल्यांना वर्ष-दोन वर्षं काय कमी वाटतात का? कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षांनी तो सिटिझन झाला की रांग संपते, पण तोवर थांबायचं कशाला?

आमच्या वेळी नव्वदीत अशी कितीतरी जोडपी होती, मुलगा इकडे नि मुलगी वर्षानुवर्षं माहेरी. २१ डिसेंबर २००० ला क्लिंटननी लाइफ कायद्यावर सही केली आणि अशांसाठी व्ही व्हिसा निघाला. पण तो त्या तारखेपर्यंत अर्ज दाखल झालेल्यांपुरताच. आज त्याचा उपयोग नाही.

– शरदकाका, फ्रीमाँट

*

काका, खूप आभार. भावाला वाचून दाखवलं, गडी गप्प झाला. पण आई ऐकत नाही. एकदा घाईत आणि एकदा फेब्रुवारीत, दोनदा लग्न लावतात का, म्हणते. नुसतं रजिस्ट्रेशन करून घेतलं आणि विधी फेब्रुवारीत केले तर? आणि एकाने सुचवलं, झूमवर लावून टाका!

– मेघना

*

मेघनाताई, इथे बरेच जण फसतात. हिंदू विवाह कायद्यात नोंदणी म्हणजे झालेल्या लग्नाचा पुरावा. विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय. म्हणजे दोनच वाटा. घरच्या घरी सप्तपदीसकट वैदिक लग्न आणि लगेच नोंदणी, किंवा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली कोर्ट मॅरेज. दुसऱ्यात ३० दिवसांची नोटीस लागते. मुलगी पुण्यातच राहत असल्याने नोटीस तिथे देता येईल. भावाची सुट्टी किती आहे त्यावर ठरवा. मी तर वैदिकच म्हणेन. फेब्रुवारीत कार्यालयात स्वागत समारंभ ठेवा, आईंना मुहूर्त घरच्या लग्नाचा काढू दे.

झूमचं लग्न: नवरा-बायको समारंभात समोरासमोर नसतील, तर नंतर एकत्र राहिल्याशिवाय अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा ते धरत नाही. त्या नादी लागू नका.

– निखिल

*

निखिलने नेमकं सांगितलं. मी एकच जोडतो. लग्नानंतर कार्ड यायला उशीर झाला, तर सून एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या बायकोचा व्हिसा) येऊ शकते आणि तारीख लागू असेल तर इथूनच स्वतःचा आय-४८५ भरू शकते. पण त्यासाठी भावाचा एच-१बी जिवंत हवा. आय-४८५ सोबत आलेल्या ईएडीवर (कामाच्या परवान्यावर) त्याने दुसरी नोकरी धरली, तर एच-१बी सुटला आणि एच-४ ही गेला. फॉलो-टू-जॉइन तेव्हाही उरतं, पण तिला तिकडेच थांबावं लागेल. लग्न झालं की वकिलाला त्याच दिवशी कळवा. कार्डाची मुलाखत आली तर तिथे "विवाहित" हेच सांगायचं.

– शरदकाका

*

आई तयार झाली! तिचीच अट: वैदिक लग्न आमच्या घरी, पंचवीस माणसं, आणि फेब्रुवारीत जेवणावळ मोठी. भाऊ पुढच्या आठवड्यात निघतोय. प्रवासाची परवानगी, एच-१बीचा शिक्का, सगळं वकिलाकडून तपासून घेतलं.

– मेघना

*

अभिनंदन! नोंदणीच्या अर्जावर भटजींची सही लागते, तीन साक्षीदारांचीही. ती मांडवातच घेऊन टाका. लग्नसराईत भटजी दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाहीत. आणि प्रमाणपत्रात नावांचं स्पेलिंग पासपोर्टबरहुकूम आहे ना, ते काउंटर सोडायच्या आधी बघा.

– प्राजक्ता