तांबेरा की गेरवा? आणि जनुकाला 'गप्प' कसं करायचं?

मुलुंडकर: गव्हाच्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास जनुकांच्या अंगाने कसा करतात, यावरचा मजकूर अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मराठीत करतोय. दोन ठिकाणी अडलोय. 'रस्ट'ला तांबेरा म्हणू की गेरवा? आणि 'जीन सायलेन्सिंग'ला काय? 'जनुक निःशब्दन' लिहून पाहिलं, पण मोठ्याने वाचताना मलाच हसू आलं.

पार्लेकर: तांबेरा, डोळे मिटून. आमचं गाव निफाडकडचं. लहानपणी गव्हातून हिंडून आलो की लेंग्यावर विटकरी पूड. आजी दारातच अडवायची, "तांबेरा घेऊन घरात येऊ नकोस." ती पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू, हे पुढे कॉलेजात कळलं.

गिरगावकर: गेरवाही अस्सल आहे हो. महाबळेश्वरच्या केंद्राचं नावच 'गहू गेरवा संशोधन केंद्र'. एकात तांबडा, दुसऱ्यात गेरू. दोन्ही नावं रंगावरून पडलेली. भुरी, काजळी या बुरशीजन्य रोगांचंही तेच. करपा तेवढा रंगावरून नाही, करपण्यावरून.

मुलुंडकर: पण मग 'काळा तांबेरा', 'पिवळा तांबेरा' कसं चालतं?

गिरगावकर: शाई मुळात 'स्याही', म्हणजे काळीच. तरी आपण लाल शाई म्हणतोच ना? खोडावरचा काळा, पानांवरचा नारिंगी आणि पट्ट्यापट्ट्यांचा पिवळा, असे गव्हाचे तीन तांबेरे. पिवळ्याला थंडी लागते, म्हणून तो उत्तरेकडे जास्त. मजकुरात तांबेरा ठेवा, गेरवा एकदा कंसात द्या.

घाटकोपरकर: दुसऱ्या प्रश्नावर बोलते, वर्गात हेच शिकवते. 'निष्क्रिय' अजिबात लिहू नका, दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते.

तांबेऱ्याची बुरशी काचेच्या बशीत सहजासहजी वाढत नाही, तिला जिवंत गहू लागतो. मग करतात काय, तर तिच्या एखाद्या जनुकाचा तुकडा जवावरच्या एका विषाणूत घालतात आणि तो विषाणू गव्हाच्या पानावर चोळतात. पान त्या तुकड्यावरून बारीक आरएनए तयार करतं. ते बुरशीत शिरले की त्या जनुकाचा निरोप नेणारा आरएनए वाटेतच तोडला जातो. जनुक जागच्या जागी, धडधाकट. फक्त त्याचा निरोप पोचत नाही. रोग कमी पडला, तर त्या जनुकाचा रोगात हात आहे असं समजायचं. याला मी सरळ 'जनुक गप्प करणे' म्हणते. मुलांना परत समजवावं लागत नाही.

जनुक कापून टाकणं वेगळं. २०१४ साली चिनी संशोधकांनी गव्हातल्याच एमएलओ जनुकाच्या तिन्ही प्रती बिघडवल्या, तर त्यावर भुरी धरेना. तिन्ही का? पोळीच्या गव्हात जनुकांचे तीन संच असतात. एक प्रत शाबूत राहिली तरी भुरीला वाट मिळते. इथे 'निकामी करणे' हवं. निकामीपणा पुढच्या पिढीत उतरतो, गप्पपणा बहुधा तेवढ्यापुरता.

पार्लेकर: 'गप्प' जरा घरगुती नाही वाटत?

घाटकोपरकर: तांबेरा तरी कुठे दरबारी आहे!

मुलुंडकर: पटलं ताई. 'टूल्स'ला 'साधने' केलंय. 'जनुकीय अवजारे' लिहिलं होतं, पण नांगर-कुळवच डोळ्यांपुढे आले. शेवटचं एक. युगांडात १९९८ साली खोडावरच्या तांबेऱ्याचा जो प्रकार सापडला, यूजी ९९, त्याने गव्हातल्या एसआर ३१ या जनुकाचा प्रतिकार मोडून काढला. मी 'तांबेऱ्याची नवी जात' लिहिलं, तपासणाऱ्यांनी त्याचं 'नवे वाण' केलं.

गिरगावकर: खोडून टाका. वाण पेरायचं असतं. तांबेरा कोण पेरतंय?

घाटकोपरकर: आणि 'जात' लिहिलं तर मुलं वेगळीच प्रजाती समजतील. तुम्ही आत्ता वर 'प्रकार' म्हणालात ना, तोच ठेवा.