काट्यावरची एक रात्र

सॉफ्टवेअरचं काम संपवायची तारीख हातची जायला लागली की टीममध्ये माणसं वाढवावीत का, असा प्रश्न कुणीतरी विचारलाय. माझं मत: शक्यतो नकोच.

आयबीएम या संगणक कंपनीच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पात पोळून निघालेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहिलंय, उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं घातली की तो आणखी लांबतो. आमचं तेच झालं. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करत होतो. गळीत हंगाम सुरू झाला, काम अर्धवट. आम्ही ५ जण होतो, साहेबांनी आणखी ४ पोरं पाठवली. पाच जणांत बोलायच्या जोड्या १०, नऊ जणांत थेट ३६! दोन आठवडे मी नुसता शिकवत बसलो.

आणि गाडं अडलेलं भलतीकडंच. रात्री पावणेबाराला ट्रॅक्टर भरल्या ट्रॉल्यांसकट काट्यावर चढला. ऊस उतरवून रिकाम्या वजनाला आला तोवर बारा वाजून गेलेले. भरल्या वजनाची नोंद कालच्या तारखेत, आमचा प्रोग्राम ती आजच्याच तारखेत शोधणार, सापडतेय कुठली! मागं रांग, हॉर्न, शिव्या (अस्सल कोल्हापुरी, त्यामुळं लक्षात राहिल्या). काट्यावरच्या कारकुनानं शांतपणे जुनं पावतीबुक काढलं.

"साहेब, हे रोजचंच हाय की. इचारायचं तरी हुतं."

त्याला आमच्या एकाही बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं. दुरुस्ती एका ओळीची निघाली, २० मिनिटांत झाली. नवी चारही पोरं तेव्हा गाढ झोपलेली.